मामानं आणलेला डबा

रात्रीचे साडेदहा वाजले होते. तपासायच्या पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून मी दिवा मालवणार, एवढ्यात फोन वाजला. भाच्याचा फोन. विद्यापीठाच्या कुस्ती संघातून तो राष्ट्रीय स्पर्धेसाठी परराज्यात गेला होता. जिंकल्याची बातमी असणार म्हणून मी हसतच फोन घेतला. पलीकडून दबका आवाज आला, ‘‘मामा, तो डबा कपाटावर हाय न्हवं? त्यावर काय काय लिहिलंय ते जरा वाचून दाखवा की.’’

‘‘आता या वेळेला? कशाला रे?’’

‘‘डोपिंगवाल्यांनी बसवून घेतलंय. मागच्या सात दिवसांत काय काय घेतलं ते फॉर्मवर लिहायचं हाय. मला नुसतं प्रोटीन एवढंच ठावं हाय.’’

तो डबा मी आणलेला होता. म्हणून ही हकीकत मीच सांगायला हवी.

माझी अक्का बैलहोंगलकडच्या कन्नड घरात दिली. दाजी घरी कन्नड बोलतात, अक्का पोराशी मराठी, आणि पोरगा दोन्ही भाषांत सारखाच भांडतो. बारावीनंतर तो कॉलेजसाठी बेळगावात आमच्याकडं राहायला आला. पहाटे तालीम, दिवसा कॉलेज, संध्याकाळी पुन्हा तालीम. त्याचे अज्जा तरुणपणी गावच्या गरडीत उतरलेले. आपल्याकडं मराठीत तालीम म्हणा की कन्नडात गरडी म्हणा, लाल माती एकच आणि शड्डूचा आवाजही एकच. आनंदवाडीच्या आखाड्यात मैदान असलं की दोन्ही भाषांतली माणसं एकाच फळीवर बसून ओरडतात. कोल्हापूरला शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ साली खुलं झालं. तिथं इकडचे पैलवान किती पिढ्या जाऊन आले असतील! तेव्हा पोरगा मातीत उतरला याचं आमच्या घरात कुणालाच नवल वाटलं नाही. मला तर उलट अभिमानच. मी स्वतः आयुष्यात एक जोर धड मारलेला नाही. अशा माणसाला भाच्याच्या दंडाचा अभिमान जरा जास्तच असतो.

पैलवान म्हटला की खुराक आला. अज्जांच्या वेळचा खुराक म्हणजे म्हशीचं दूध, तूप, रात्री भिजवलेले बदाम आणि कुंडी-सोट्यानं घोटलेली थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी वाटून वाटून हात भरून यायचे, तो व्यायाम वेगळाच. अक्का दर पंधरवड्याला गावाहून तूप पाठवायची आणि आमची ही सकाळ-संध्याकाळ तांब्याभर दूध त्याच्यापुढं ठेवायची. सगळं ठीक चाललं होतं.

मग एक दिवस पोरगा म्हणाला, ‘‘मामा, संघातली समदी पावडर घेतात. मी एकटाच दूध पितो म्हणून हसतात.’’ त्यानं मागितला नव्हता, नुसतं सांगितलं होतं. पण मला ते लागलं. जिमच्या वस्तू विकणारे एक गृहस्थ ओळखीचे होते. ते म्हणाले, ‘‘सर, हा बाहेरचा माल आहे. तुमच्यासाठी कमी लावतो, बिल तेवढं मागू नका.’’ मी साडेतीन हजार मोजले आणि डबा कापडी पिशवीत घालून मिरवत घरी आणला. मी इतिहास शिकवतो. वर्गात मुलांना सांगतो, साधन कुठून आलं ते तपासल्याशिवाय त्यावर एक वाक्यही लिहू नका. पण त्या दिवशी त्या साधनाचा उगम तपासायचं मला सुचलं नाही.

दिवाळीला अज्जा आमच्याकडं आले होते. पोरानं चमचाभर पावडर दुधात ढवळली. अज्जांनी डब्यात डोकावून विचारलं, ‘‘इदु याव हिट्टप्पा?’’ म्हणजे हे कसलं पीठ रे बाबा? आम्ही सगळे हसलो. खरं तर त्या घरात तो प्रश्न विचारणारे तेच एकटे होते.

त्या रात्री डबा खाली काढून चष्मा लावून मी वाचायला बसलो. पुढच्या बाजूला फुगलेल्या दंडाचं चित्र, मागच्या बाजूला मुंगीएवढी अक्षरं. वीसेक घटक होते. त्यांतल्या सात-आठ घटकांना कंस घालून ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असं लिहिलेलं. म्हणजे मिश्रण आमचं, कशाचं प्रमाण किती ते विचारू नका. बाहेरच्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असायला हवा. इथं त्या जागी काहीच नव्हतं. लॉट नंबर पुसट झालेला. मी एकेक शब्द वाचत होतो, तिकडं पोरगा लिहून घेत होता. शेवटी तो म्हणाला, ‘‘मामा, यात काय वंगाळ न्हाई न्हवं?’’

मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, ‘‘तू सगळं खरं लिही. काही लपवू नको.’’ एवढंच माझ्या हातात होतं.

तिथं काय झालं ते त्यानं परत आल्यावर सांगितलं. कुस्ती संपताच एक माणूस येऊन सावलीसारखा त्याच्यामागं लागला. नमुना देईपर्यंत त्याला नजरेआड होता येत नव्हतं. लढून घाम गेलेला, अंगात पाणी नाही. निदान ९० मिलिलिटर लघवी लागते. बाटल्यांवर बाटल्या पाणी पिऊन दोन तास गेले. तेही अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत. मग तोच नमुना दोन बाटल्यांत, ‘ए’ आणि ‘बी’, त्यानं स्वतःच्या हातानं सीलबंद केला. बाटल्या दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेल्या आणि फॉर्मची एक प्रत त्याच्या खिशात आली. एकोणीस वर्षांच्या पोराला चोर पकडल्यासारखं वाटलं. खरं ही पद्धत खेळाडूच्याच राखणीसाठी आहे, नमुना बदलला असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून. हे मला मागाहून वाचून कळलं.

त्यानंतरचे दिवस मी वाचतच होतो. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या आमच्या शारीरिक शिक्षणाच्या सरांना मी इतका छळला की ते मला पाहून वाट बदलू लागले. वाचलं त्यातलं काही इथं सांगतो. घरात खेळणारं पोर असलेल्या आईबापांच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे पूरक आहार घेणं हा गुन्हा नाही. जगातले बहुतेक मोठे खेळाडू काही ना काही पूरक घेतात. जीवनसत्त्वं, प्रथिनांची पावडर, कॅफिन, क्रिएटिन ही त्यांतली नेहमीची नावं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं तज्ज्ञांना बसवून २०१८ साली एक निवेदन काढलं. बाजारात हजारो डबे असले, तरी ज्यांच्यामुळे खेळ थेट सुधारतो असा चांगला पुरावा आहे, अशी नावं त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. कॅफिन, क्रिएटिन, बीटरूटमधलं नायट्रेट, बीटा-ॲलानिन आणि बायकार्बोनेट. बायकार्बोनेट म्हणजे आपल्या भज्यांतला खायचा सोडाच! तो प्रमाण चुकून घेतला की पैलवान मैदानाऐवजी दुसरीकडंच धावतो. बीटा-ॲलानिननं अंगाला मुंग्या येतात. क्रिएटिन आपलं शरीर स्वतःच बनवतं. मटण आणि मासळीतूनही ते मिळतं. १९९२ च्या सुमारास त्यावरचं संशोधन बाहेर आलं आणि मग ते खेळाडूंच्या पिशवीत गेलं. त्यावर बंदी नाही. कॅफिनवर मात्र एकेकाळी मर्यादा होती. ठराविक प्रमाणापेक्षा जास्त सापडलं की खेळाडू दोषी. २००४ पासून ते बंदीच्या यादीतून काढलं. नाहीतर आपल्या चहाबाज पैलवानांचं काय झालं असतं कोण जाणे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. डब्यावर लिहिलेलं नसतं तेच कधी कधी डब्यात असतं. जर्मनीतल्या कोलोन इथल्या प्रयोगशाळेनं २०००-०१ मध्ये तेरा देशांतून ६३४ पूरकं विकत घेऊन तपासली. त्यांतल्या ९४ मध्ये वेष्टणावर न लिहिलेली हार्मोनच्या जातीची द्रव्यं निघाली. शंभरात जवळजवळ पंधरा! काही ठिकाणी एकाच यंत्रावर आधी एक माल, मग दुसरा माल तयार होतो आणि यंत्र नीट धुतलं जात नाही. काही ठिकाणी मुद्दाम मिसळतात, म्हणजे गिऱ्हाईकाला ‘फरक’ पडतो आणि ते पुन्हा येतं. वर्गाच्या फळ्यावर मी हा आकडा लिहिला असता तर मुलांना म्हटलं असतं, हे पुराव्याचं मूल्यमापन आहे. घरी बसून वाचताना मात्र माझ्या पोटात गोळा आला.

तिसरी गोष्ट नियमाची. तुमच्या शरीरात जे सापडलं त्याला तुम्हीच जबाबदार. कुणी दिलं, का दिलं, माहीत होतं की नव्हतं, हा प्रश्न पुढचा. त्यानं फार तर शिक्षा कमी होते, ठपका पुसला जात नाही.

आपल्या कर्नाटकचीच अश्विनी अक्कुंजी आठवा. उडुपी जिल्ह्यातल्या खेडेगावची मुलगी. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रिलेचं सुवर्ण आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ४०० मीटर अडथळ्यांचं आणि रिलेचं सुवर्ण. त्या दिवसांत घराघरांत तिचं नाव होतं. २०११ मध्ये ती आणि रिलेतल्या तिच्या काही जोडीदारणी उत्तेजक चाचणीत सापडल्या. परदेशी प्रशिक्षकानं दिलेल्या जिनसेंगच्या कॅप्सुलांतून हे आलं, असं मुलींचं म्हणणं होतं. आधी एक वर्षाची बंदी झाली. जुलै २०१२ मध्ये क्रीडा लवादानं ती दोन वर्षांची केली. लंडन ऑलिंपिक गेलं. प्रशिक्षकावर विश्वास ठेवला हे कारण नियमाला पुरेसं वाटलं नाही. आपल्या घरांत तर मोठ्यांनी दिलं ते निमूट खावं, अशीच शिकवण असते.

दुसरं नाव नरसिंग यादव. २०११, १२ आणि १३ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी, म्हणून आपल्या भागात त्याचे चाहते पुष्कळ. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर २०१६ साली त्याच्या नमुन्यात मेथँडिनोन सापडलं. माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, असं त्याचं म्हणणं. देशातल्या नाडा संस्थेच्या समितीनं ते मान्य करून त्याला सोडलं. पण जागतिक संस्था वाडा लवादाकडं गेली. त्याची कुस्ती १९ ऑगस्टला होती आणि १८ ऑगस्टला चार वर्षांच्या बंदीचा निकाल आला. घातपाताचा पुरावा लवादाला दिसला नाही. खरंखोटं काय ते मी ठरवणार नाही. माझ्या मनात एकच गोष्ट रुतून बसली. त्याचा वजनगट ७४ किलो होता आणि माझ्या भाच्याचाही ७४ किलोच.

आपल्या देशाची स्थिती सांगायची तर २०२३ साली भारतात ५,६०६ नमुने तपासले आणि २१३ दोषी निघाले. शंभरात जवळजवळ चार. हे सगळे पूरकांमुळे नव्हेत, जाणूनबुजून सुई टोचून घेणारेही त्यात आहेत. २०२२ साली संसदेनं उत्तेजकविरोधी कायदाही केला. पण कायदा दिल्लीत असतो आणि डबा आपल्या कपाटावर.

एका संध्याकाळी मी त्या गृहस्थांकडं गेलो. विचारलं, ‘‘हा माल तुम्ही कुणाकडनं घेता?’’ ते म्हणाले, ‘‘सर, एवढं काय मनावर घेताय? सगळीच घेतात.’’ मी भांडलो नाही. भांडायला माझ्याकडं बिल तरी कुठं होतं?

दाजींना आणि अक्काला सांगणं हे त्याहून अवघड. तीन आठवडे टाळलं, मग एका रविवारी बस पकडून गेलो. सोप्यात बसून सगळं सांगितलं. दाजी काही बोलले नाहीत, उठून गोठ्याकडं गेले. त्यांच्या न बोलण्याला मी भ्यालो. अक्का म्हणाली, ‘‘तू मुद्दाम काय केलं न्हाईस. खरं एकदा विचारायचं तरी होतंस रे. माझ्या घरात काय कमी होतं?’’

त्या प्रश्नाचं उत्तर आम्ही दोघांनी तिथंच पाटीवर मांडलं. कसून व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागं दिवसाला साधारण १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात. मधला आकडा १.६ धरला तर ७४ किलोच्या पोराला ११८ ग्रॅम. आता घरचा हिशोब. म्हशीचं एक लिटर दूध, अदमासे ३८ ग्रॅम. चार अंडी, २४. जोंधळ्याच्या चार भाकऱ्या, २४. मूठ-दोन मूठ डाळ-कडधान्यं, म्हणजे कोरडी १०० ग्रॅम धरली, तर २२. पन्नास ग्रॅम शेंगदाणे, १२. बेरीज १२०! अक्का पाटीकडं बघत राहिली. तिच्या चुलीवर रोज होणाऱ्या जेवणातच तो डबा होता, आणि साडेतीन हजार न मोजता. त्यात डब्यातली पावडर म्हणजे तरी काय? चीज-पनीर करताना दूध फाटल्यावर उरणाऱ्या निवळीतली प्रथिनं वाळवलेली. प्रवासात, स्पर्धेच्या गडबडीत ती सोयीची पडते, हे खरं. पण सोय ही गरज नव्हे.

मात्र दूध-भाकरी हे सगळ्याच दुखण्यांवर औषध आहे, असंही मी म्हणणार नाही. खेळणाऱ्या मुलींच्या अंगात रक्त कमी असतं, लोह द्यावं लागतं. कुणाला ‘ड’ जीवनसत्त्व लागतं. ते रक्त तपासून, डॉक्टरांच्या चिठ्ठीनं द्यावं, आणि मूल स्पर्धेत उतरणारं आहे हे डॉक्टरांना आधी सांगावं. सर्दी-खोकल्याच्या साध्या औषधांतही बंदीची द्रव्यं असू शकतात. पावडर घ्यायचीच असेल तर पक्कं बिल, चौदा आकडी क्रमांक, लॉट नंबर या तीन गोष्टी बघाव्यात. अन्नसुरक्षेचा शिक्का म्हणजे उत्तेजक नसल्याची हमी नव्हे, हेही लक्षात ठेवावं. खेळाडूंसाठी प्रत्येक लॉट वेगळा तपासून घेतलेला माल मिळतो. त्यावर ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ अशी खूण असते. तीही शंभर टक्के हमी नाही, पण धोका कमी करते. डबा संपत आला तरी थोडी पावडर लॉट नंबरासकट ठेवून द्यावी. उद्या प्रश्न उभा राहिला तर तीच साक्षीदार.

निकाल चांगला असला की घरी पत्र येतंच असं नाही. त्यामुळे आमची सुटका एका दिवशी झाली नाही. दारात पोस्टमन दिसला की मी आधी त्याच्या हाताकडं बघायचा. फोनवर अनोळखी नंबर आला की छातीत धडधड. भाचा मात्र रोज पहाटे तालमीला जात होता. असे चार महिने गेले. मग त्याला पुढच्या शिबिराचं बोलावणं आलं आणि त्याचे प्रशिक्षक म्हणाले, काही निघालं असतं तर एव्हाना कळवलं असतं. आम्ही सुटलो. शहाणपणानं नव्हे, नशिबानं सुटलो.

त्या दिवशी जेवताना मी सहज विचारलं, ‘‘तिथं तुला विचारलं असेल ना, डबा कुणी दिला म्हणून?’’

‘‘विचारलं की. आमच्या सरांनी विचारलं.’’

‘‘मग काय सांगितलंस?’’

तो भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, ‘‘मीच घेतला म्हटलं. तोंडात मीच घातला न्हवं?’’

माझा घास हातातच राहिला. लवादाच्या निकालांतून जो नियम मी महिनाभर वाचून समजून घेत होतो, तो या पोरानं एका वाक्यात सांगितला होता. आणि सांगताना मामाचं नाव पोटात घातलं होतं.

डबा अजून माझ्या कपाटावर आहे, अर्धा भरलेला. पुस्तकं काढायला हात वर गेला की तो दिसतो. ही म्हणते, टाकून द्या. भाचा हसतो. मी म्हणतो, राहू दे. परवा अज्जा पुन्हा आले होते. भाच्यानं तांब्याभर दूध तोंडाला लावलं, तेव्हा त्यांनी आधी तांब्यात वाकून पाहिलं, मग समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, ‘‘हं. इदु हालु.’’ हे दूध. यावेळी आम्ही कुणीच हसलो नाही.